त्या पैशांना तारीख होती का?

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

आपल्या मागच्या सोमवारच्या अर्थविषयक पुरवणीत पुण्याच्या एका तरुणाची हकीकत वाचली. त्याने झोमॅटोच्या शेअरमध्ये दीड लाख रुपये घातले आणि त्याचे सहा लाख झाले. हकीकत खरी असणार. भाव मला पाठ आहेत आणि त्या भावांत हे सहज बसते. पण लेखात दोनच भाव होते, घेतल्याचा आणि विकल्याचा. मधल्या दिवसांवर एक ओळसुद्धा नव्हती. मी सांगलीत एका सब-ब्रोकरच्या ऑफिसात १९९८ ते २०२४ अशी सव्वीस वर्षे टर्मिनलवर बसले. माझी सगळी नोकरी त्या मधल्या दिवसांतच गेली, म्हणून हे पत्र.

आधी भाव सांगते. जुलै २०२१ मध्ये झोमॅटोचा आयपीओ, म्हणजे लोकांना केलेली पहिली शेअरविक्री, आला तेव्हा शेअर ७६ रुपयांना होता. १९५ शेअरचा लॉट, १४,८२० रुपये. मागणी ३८ पट आली, त्यामुळे आमच्याकडच्या बऱ्याच जणांना काहीच लागले नाही. २३ जुलैला शेअर बाजारात आला, ११६ ला लिस्टिंग झाले आणि ज्यांना लागले नव्हते ते बाजारातून घ्यायला धावले. नोव्हेंबरात भाव १६९ पर्यंत गेला. मग उतरण सुरू झाली. जून २०२२ मध्ये कंपनीने ब्लिंकिट ही किराणा घरपोच देणारी कंपनी घेत असल्याचे जाहीर केले, ते बाजाराला पटले नाही. २३ जुलै २०२२ ला आधीच्या गुंतवणूकदारांवर शेअर विकायला असलेली एक वर्षाची बंदी, म्हणजे लॉक-इन, संपली आणि लगेचच्या सोमवारी शेअर एका दिवसात ११ टक्क्यांहून जास्त पडला. त्याच आठवड्यात ४१ च्या खाली जाऊन आला. १६९ चे चाळीस व्हायला आठ महिने लागले.

त्या सोमवारनंतरचा मंगळवार मला विसरता येत नाही. आमचे एक ग्राहक, हायस्कूलवर गणित शिकवणारे सर, त्यांचा साडेदहाच्या सुमारास फोन आला.

"ताई, झोमॅटो सगळे काढा."

"सर, पंधराशे आहेत. त्रेचाळीसला चाललाय."

"माहिती आहे मला. काढा."

"आजच काढायची गरज आहे का, सर?"

पलीकडे थोडा वेळ काहीच आवाज नाही. मागे शाळेची घंटा वाजलेली ऐकू आली. मग म्हणाले, "पोरीच्या फार्मसीची फी भरायची आहे. पुढच्या आठवड्यात."

फोनवरचा सौदा रेकॉर्ड होतो, त्यामुळे ऑर्डर पुन्हा उच्चारून घ्यावी लागते. झोमॅटो, पंधराशे, विक्री, चालू भावाला, बरोबर ना सर? ते "बरोबर" म्हणाले. १३३ ला घेतलेले शेअर, १,९९,५०० रुपयांचे, दलाली आणि कर सोडून ६४,५०० ला गेले. डिसेंबर २०२४ मध्ये हाच शेअर तीनशेच्या वर होता. पंधराशे शेअरचे साडेचार लाख होत होते.

सरांचा शेअर चुकला नव्हता. १३३ हा भावही पुढे पाहता महाग ठरला नाही. त्यांनी घातलेल्या पैशांना तारीख होती, ऑगस्ट २०२२ ची. कंपनीला ती तारीख माहीत असण्याचे काही कारण नव्हते. झोमॅटोने पहिला तिमाही नफा दाखवला तो एप्रिल ते जून २०२३ चा, अवघा २ कोटींचा, आणि तेव्हा कुठे लोकांचा विश्वास बसायला लागला. सरांना आणखी दोन वर्षे हवी होती, हाताशी होता एक आठवडा.

तेव्हापासून असा जोरात वर-खाली होणारा शेअर मागायला कोणी आले की कुठला शेअर, किती रुपयांना, हे विचारायच्या आधी मी विचारायची, या पैशांना तारीख आहे का? फी, लग्न, घराचा हप्ता, उसाची लावण, आईचे गुडघ्याचे ऑपरेशन, काहीही. तारीख असेल तर बँकेत ठेवा, पतसंस्थेत नको, बँकेत. काही जण रागावले. एक-दोन जणांनी दुसरीकडे खाते उघडले. मालकांनीही एकदा बोलून दाखवले की अशाने धंदा कसा व्हायचा. पण मला तो घंटेचा आवाज आठवायचा.

आता जोखीम वाटून घेण्याबद्दल. माझे वडील मार्केट यार्डात हळदीच्या अडत दुकानात दिवाणजी होते. सौद्याला गेले की हळकुंड मोडून आतला रंग बघायचे, तळहातावर घासायचे, मग बोली. तेजी-मंदी हे शब्द मी शाळेत जायच्या आधी घरात ऐकले. त्या काळी हळद साठवायची ती हरिपूरच्या पेवांत, जमिनीत खोल खणलेल्या त्या कोठारांत माल वर्षानुवर्षे टिकायचा, कीड लागायची नाही. भाव पडलेला असेल तर व्यापारी पेव भरून तोंड बंद करायचा आणि तेजीची वाट बघायचा. म्हणजे पैशांना तारीख नसणे म्हणजे काय, हे सांगलीच्या व्यापाऱ्याला कोणी शिकवायला नको. २००५ च्या महापुरात कृष्णेचे पाणी त्या पेवांत शिरले. वडिलांच्या मालकांची हळद तीन वेगळ्या पेवांत होती. तिन्ही एकाच पट्ट्यात. तिन्हींत पाणी गेले. पाणी ओसरल्यावर वडील तिकडे जाऊन आले, आणि जेवायला बसल्यावर एवढेच म्हणाले, "तीन म्हणत होतो, पण जमीन एकच होती की."

२०२२ साली मला हे वाक्य रोज आठवत होते. लोक येऊन सांगायचे, मी पैसे वाटून ठेवलेत काकू, थोडे झोमॅटोत, थोडे पेटीएममध्ये, थोडे नायकात, थोडे पॉलिसीबाझारमध्ये. नावे चार आणि जमीन एकच. सगळ्या नव्या काळातल्या कंपन्या, बहुतेक तोट्यात, सगळ्यांचा भरवसा पुढच्या दहा वर्षांच्या वाढीवर आणि परदेशातून येणाऱ्या स्वस्त पैशांवर. मार्च २०२२ पासून अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेने, फेडने, व्याजदर चढवायला सुरुवात केली आणि चारही शेअर त्याच वर्षात भुईला आले.

आणखी एक गोष्ट याच्याहून जवळची आहे आणि आपल्या वाचकांपैकी हजारो घरांना लागू आहे. माझा जावई हिंजवडीत आयटी कंपनीत आहे. पगार आयटीचा, कंपनीने दिलेले शेअर आयटीचे, आणि स्वतःच्या डिमॅटमध्ये घेतलेलेही चार आयटीचेच, कारण "मला यातलं कळतं." कळते हे खरे. पण सप्टेंबर २०२५ मध्ये अमेरिकेने एच-वन-बी व्हिसाच्या नव्या अर्जाला एक लाख डॉलर शुल्क लावले, तेव्हा शनिवार-रविवारभर तो नोकरीच्या काळजीत होता आणि सोमवारी बाजार उघडल्यावर त्याचे शेअरही पडले. ज्या दिवशी पगाराला धोका, त्याच दिवशी साठवणीलाही. मी त्याला म्हटले, अहो, तुमच्या घरात आयटी आधीच आहे, महिन्याच्या एक तारखेला येते. शेअर दुसरीकडचे घ्या. त्याने निम्मे विकले. पुढे ते वर जातीलही, त्याबद्दल मला काही म्हणायचे नाही.

स्टॉप-लॉसवर, म्हणजे भाव अमुक इतका उतरला की आपोआप विका अशा ऑर्डरवर, नव्या मुलांचा फार विश्वास दिसतो, म्हणून एक दिवस सविस्तर लिहिते. १ फेब्रुवारी २०२४, गुरुवार, अंतरिम अर्थसंकल्पाचा दिवस. आदल्या संध्याकाळी रिझर्व्ह बँकेने पेटीएम पेमेंट्स बँकेवर निर्बंध घातल्याची बातमी आली होती. शेअर ७६१ ला बंद झालेला. आमच्याकडे एका किराणा दुकानदाराचा मुलगा यायचा, वय चोवीस, हुशार आणि कष्टाळू. त्याच्याकडे दोनशे शेअर होते, साधारण ७६० च्या भावाचे. ७२० ला स्टॉप-लॉस लावणार म्हणून कागदावर हिशोब मांडलेला होता, तोटा झालाच तर चाळीस गुणिले दोनशे, आठ हजार. तेवढा सोसायची तयारी होती त्याची.

सव्वानऊला पडद्यावर भाव आला तो सरळ ६०९. लोअर सर्किट, म्हणजे एका दिवसात भावाला जास्तीत जास्त जेवढे पडता येते ती मर्यादा. ७२० हा भाव मधे कुठे आलाच नाही. विक्रीच्या रकान्यात लाखांनी शेअर आणि खरेदीच्या रकान्यात शून्य. माझ्या खुर्चीमागे उभा राहून तो म्हणत होता, "काकू, ऑर्डर गेली का? गेली का?" ऑर्डर गेली होती, रांगेत उभी होती. घ्यायलाच कोणी नव्हते. शुक्रवारी पुन्हा सर्किट, ४८७. सर्किटची मर्यादा २० वरून १० टक्क्यांवर आणली, तरी सोमवारी पुन्हा सर्किट, ४३८. मंगळवारी बाजार हलला आणि त्याचा सौदा ४४० च्या घरात झाला. आठ हजारांच्या जागी चौसष्ट हजार गेले. यात मी कंपनीला बोल लावत नाही, नियामकालाही नाही. आणि पुढचेही सांगायला हवे. मे महिन्यात ३१० पर्यंत उतरलेला तोच शेअर डिसेंबर २०२४ मध्ये हजारावर गेला. खाली ज्यांनी घेतला त्यांचे तिप्पट झाले. २०२१ च्या आयपीओत २,१५० ला घेणाऱ्यांना मात्र तेव्हाही निम्मे पैसे दिसत नव्हते. मला म्हणायचे आहे ते एवढेच की स्टॉप-लॉस ही फक्त एक ऑर्डर असते आणि समोर घेणारा असेल तरच ती चालते. रात्रीत बातमी आली की तिचा काही उपयोग नाही. ज्या शेअरवर अशी बातमी येऊ शकते, त्यात किती रुपये घालायचे हे ठरवणे एवढाच आपल्या हातातला लगाम आहे.

किती रुपये, याचा माझा हिशोब साधा आहे आणि तो मी स्वतः वापरते. वर सांगितलेले दोन्ही शेअर वरच्या भावापासून तीन चतुर्थांशाहून जास्त खाली आले होते. तेव्हा आपण घातलेल्या रकमेतले दोन तृतीयांश दोन-तीन वर्षे दिसेनासे झाले असे धरायचे. तीस हजार घातले तर वीस हजार दिसत नाहीत. मग घरातल्या खर्चाची वही उघडायची आणि बघायचे, त्या वीस हजारांवाचून काही अडते का? अडत असेल तर रक्कम कमी करायची. शंभराचे चाळीस झाले की परत शंभर व्हायला दीडशे टक्के वाढ लागते, हेही त्याच पानावर लिहून ठेवायचे. आणि भाव पडला की "ॲव्हरेज करतो" म्हणून आणखी ओतायचे नाहीत. ॲव्हरेज करता करता तीस हजारांचे दोन लाख झालेली लेजरे मी पाहिली आहेत. ती माणसे मूर्ख नव्हती. प्रत्येक वेळी त्यांना कालच्यापेक्षा स्वस्त मिळत होते.

हळकुंडासारखे मोडून बघता येईल असे या कंपन्यांत काही नसते, ही लोकांची तक्रार अर्धीच खरी आहे. दर तिमाहीचे निकाल सगळ्यांसाठी खुले असतात. कंपनीच्या गाठीला रोकड किती आणि दर तिमाहीला त्यातली जाते किती, एवढे दोन आकडे काढले तरी किती दिवस पुरेल ते कळते. झोमॅटो ४५ ला असताना मी हेच बघितले होते. आयपीओतून आलेल्या पैशांतले पुष्कळ शिल्लक होते, काही वर्षे तगेल असे दिसत होते. सप्टेंबर २०२२ मध्ये मी ६२ ला चारशे शेअर घेतले, २४,८०० रुपयांचे. जानेवारीत ते ५० च्या खाली गेले. मला झोप लागत होती, कारण त्या पैशांना तारीख नव्हती आणि वहीत ते गेलेले धरूनच हिशोब मांडला होता. २०२४ च्या एप्रिलमध्ये १८० ला निम्मे विकले, निम्मे अजून आहेत. तेव्हा संधी नसते असे म्हणणाऱ्यांतली मी नाही.

इन्फोसिसचेच बघा. १९८१ साली पुण्यात सुरू झालेली कंपनी. १९९३ च्या आयपीओत ९५ रुपयांना शंभर शेअर ज्यांनी घेतले, साडेनऊ हजारांचे, आणि हातचे सोडले नाहीत, त्यांचे बोनस म्हणून मिळालेले जादा शेअर आणि एकाचे दोन करणारे स्प्लिट धरून आज १,०२,४०० शेअर झाले आहेत. पण याच कंपनीचा शेअर १० एप्रिल २००३ ला एका दिवसात चतुर्थांशाहून जास्त पडला होता आणि १२ एप्रिल २०१३ ला पाचवा हिस्सा. असे दिवस काढायला तारीख नसलेलेच पैसे लागतात. आणि सगळ्याच कंपन्या इन्फोसिस होत नाहीत. मी स्वतः फेब्रुवारी २००० मध्ये भिशीचे २९,००० रुपये चेन्नईच्या एका सॉफ्टवेअर कंपनीत घातले होते, १,४५० ला वीस शेअर. ते वीस शेअर आजही माझ्या डिमॅटमध्ये दिसतात. त्यांचे ट्रेडिंग केव्हाच बंद झाले, विकता येत नाहीत. अमेरिकेतला नॅसडॅक हा मुख्यतः तंत्रज्ञान कंपन्यांचा निर्देशांक ज्या महिन्यात ५,०४८ वर पोचला आणि मग ऑक्टोबर २००२ पर्यंत १,११४ वर आला, त्याच्या आदल्याच महिन्यातली ही खरेदी. नॅसडॅकला ती उंची पुन्हा दिसायला २०१५ साल उजाडले.

वायदे आणि ऑप्शनबद्दल, म्हणजे ठराविक मुदतीत भाव कुठे जाईल यावर केलेल्या सौद्यांबद्दल, थोडक्यात लिहिते, कारण तिथे विचार करण्यासारखे फारसे उरलेले नाही. शेअर बाजाराची नियामक संस्था असलेल्या सेबीने सप्टेंबर २०२४ मध्ये जाहीर केलेल्या पाहणीप्रमाणे २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत वायदे व्यवहारांत उतरलेल्या शंभर सामान्य व्यक्तींपैकी ९३ जणांना तोटा झाला, सगळ्यांचा मिळून १.८ लाख कोटी रुपयांहून जास्त. दिवसाच्या दिवसात शेअर घेऊन विकणाऱ्यांतही २०२२-२३ मध्ये दहातले सात जण तोट्यात होते, आणि या लोकांत तिशीच्या आतले ४८ टक्के. २०१८-१९ मध्ये हेच प्रमाण १८ टक्के होते. ही आपली मुले आहेत. ऑप्शनला तर तारीख छापूनच येते, एक्स्पायरीची. आईच्या बांगड्या गहाण टाकून घेतलेल्या कर्जालाही तारीख असते. दोन तारखांच्या मधे सापडलेले एक घर मी आमच्याच गल्लीत पाहिले आहे. त्या घराविषयी इथे अधिक लिहिणे बरोबर नाही.

माझी आपल्याला विनंती आहे. अशा यशाच्या हकीकती जरूर छापा, त्यातून मुलांना हुरूप येतो. पण प्रत्येक हकीकतीखाली तीन गोष्टी विचारून छापा. घेतल्यापासून विकेपर्यंत भाव सर्वांत खाली कुठे गेला होता, तेव्हा त्या माणसाच्या घरात कसे दिवस होते, आणि ते पैसे कुठले होते, शिलकीतले, उसने की कर्जाचे. त्या पुण्याच्या तरुणालाही विचारा. त्याने सांगितले तर त्याची हकीकत आहे त्याहून कितीतरी उपयोगाची होईल. आणि कधीतरी चुकलेल्यांचीही एखादी हकीकत छापा. नावे नकोत, आकडे पुरेत. सांगायला तयार असलेली माणसे मी आपल्याकडे पाठवू शकते.

सरांना हे पत्र पाठवण्यापूर्वी फोनवर वाचून दाखवले. मुलगी आता फार्मसी होऊन मिरजेत नोकरीला लागली आहे. नाव न घालता छापायला त्यांची हरकत नाही. भाव त्रेचाळीसच लिहिला आहे ना, एवढे त्यांनी दोनदा विचारून घेतले.

आपली नियमित वाचक,
विश्रामबाग, सांगली